'शेमा'चं शेवटचं अक्षर : हिब्रूचे उच्चार वेगळे कसे झाले?

मागच्या व्याख्यानानंतर एक प्रश्न आला होता, पण वेळ संपल्यामुळे तो तसाच राहिला. प्रश्न असा, की ज्यू लोकांच्या शनिवारच्या सुट्टीला कुणी 'शब्बात' म्हणतं, कुणी 'शाब्बोस' म्हणतं. ग्रंथ एक, लिपी एक, शब्दही एकच. मग बरोबर कोण? आज आपण तोच प्रश्न घेऊ. पण 'शब्बात' बाजूला ठेवून आपण एक ओळ घेणार आहोत, कारण त्या एका ओळीत जवळजवळ सगळं प्रकरण सापडतं.

ती ओळ म्हणजे 'शेमा'. तोरेच्या पाचव्या पुस्तकात, म्हणजे मराठी बायबलात ज्याला 'अनुवाद' म्हणतात त्यात, सहाव्या अध्यायात ती येते. अर्थ थोडक्यात असा की, इस्राएल लोकांनो, ऐका, देव एकच आहे. सकाळ-संध्याकाळ ही म्हणायची, झोपताना म्हणायची, मरणाच्या वेळी ओठांवर हीच असावी अशी अपेक्षा. आपल्या कोकणातले बेने इस्राएल इतर ज्यू समाजांपासून शतकानुशतकं तुटलेले होते. त्यांचे बाकीचे हिब्रू पाठ विस्मरणात गेले, पण ही ओळ राहिली, असं त्यांच्याबद्दल नेहमी सांगितलं जातं.

आता गंमत बघा. तोरेची जी हातानं लिहिलेली गुंडाळी असते, तिच्यात या ओळीतली दोन अक्षरं इतरांपेक्षा मोठी लिहितात. पहिल्या शब्दाचं, 'शेमा'चं, शेवटचं अक्षर 'आयिन'. आणि ओळीच्या शेवटच्या शब्दाचं, 'एहाद'चं (म्हणजे 'एक'), शेवटचं अक्षर 'दालेत'. का बरं मोठी? परंपरेत याची बरीच कारणं दिली आहेत, त्यातलं एक आपल्या कामाचं आहे. 'शेमा'च्या शेवटी आयिनऐवजी 'आलेफ' हे अक्षर पडलं तर शब्दाचा अर्थ होतो 'कदाचित'. आणि 'एहाद'मधल्या दालेतच्या जागी तसंच दिसणारं 'रेश' वाचलं गेलं तर 'एक'चा 'दुसरा' होतो. म्हणजे 'ऐक, देव एक' याचं 'कदाचित, देव दुसरा' व्हायला दोन अक्षरं पुरतात. म्हणून नजर तिथे थांबावी, जीभ तिथे सांभाळावी.

आणि आज जगातले बहुसंख्य ज्यू हे आयिन उच्चारतच नाहीत. म्हणजे कानाला ऐकू येणारा 'शेमा' आणि 'कदाचित' यांत त्यांच्या तोंडी काही फरक उरलेला नाही. आता हे कसं झालं ते पाहू.

आयिन म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. मराठीत हा आवाज नाही. अरबी बोलणारा माणूस 'अरब' किंवा 'अली' म्हणताना सुरुवातीला घसा आवळून जो आवाज काढतो, तो आयिन. आलेफ त्या मानानं नुसता श्वास अडवून सोडणं. तिसरं एक अक्षर 'हेत'. तेही घशातलंच. अरब लोक 'मुहम्मद' म्हणताना जो खोल, कोरडा 'ह' काढतात, तो. 'एहाद'च्या मधोमध हेत आहे. म्हणजे या एका ओळीत सुरुवातीला 'शिन', मग आयिन, मग हेत, शेवटी दालेत. ही चार अक्षरं डोक्यात ठेवा.

आपल्या मनात सहसा एक चित्र असतं, की पूर्वी सगळे एकसारखं शुद्ध बोलत होते, मग लोक पांगले आणि उच्चार बिघडले. हे चित्र सोडून द्यावं लागेल. लोक पांगण्याच्या कितीतरी आधीपासून फरक होते. 'शास्ते' या पुस्तकातली कथा प्रसिद्ध आहे. गिलादच्या लोकांनी यार्देन नदीचे उतार अडवून धरले आणि पलीकडे जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला 'शिब्बोलेथ' म्हणायला लावलं. एफ्राइमी माणूस 'सिब्बोलेथ' म्हणायचा, कारण त्याला 'श' जमत नसे. 'स' ऐकला की मान कापायची. त्या पुस्तकात मारलेल्यांचा आकडा ४२,००० दिलेला आहे. आकड्यावर विश्वास ठेवा न ठेवा, पण एकाच भाषेतल्या दोन जमातींचा श-स वेगळा होता आणि त्यावरून माणूस ओळखला जायचा, एवढं त्यातून नक्की कळतं.

दुसरा पुरावा तुम्ही रोज बातम्यांत ऐकता. गाझा. हिब्रूत या शहराचं नाव 'अज़ा' आहे आणि पहिलं अक्षर आयिन आहे. मग 'ग' कुठून आला? इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात तोरेचं ग्रीक भाषांतर सुरू झालं आणि पुढे इतर पुस्तकांचंही झालं. तेव्हाच्या भाषांतरकारांनी काही आयिन 'ग'ने लिहिले, काही सोडून दिले. गाझा आणि गमोरा यांत 'ग' आला, 'अमालेक'मध्ये मात्र नाही. कारण त्या काळी एकाच अक्षरात दोन आवाज राहत होते, एक घसा आवळून काढलेला आणि एक उर्दूतल्या 'ग़म'सारखा. अरबीनं दोन्ही जपले, म्हणून अरबीत आजही 'ग़ज़्ज़ा' म्हणतात. हिब्रूत पुढे दोन्ही एक झाले. लिपी गप्प बसली होती, तिनं काही सांगितलं नाही. ग्रीक लिपीनं चुगली केली म्हणून कळलं.

तिसरा पुरावा तालमूदमधला, आणि तो जरा बोचरा आहे. उत्तरेकडच्या गालील प्रांतातल्या लोकांची घशातली अक्षरं एकमेकांत मिसळून गेली होती. त्यावर दक्षिणेतले लोक हसत. एक गालीलकर बाजारात 'अमार आहे का कुणाकडे?' असं विचारत फिरतो. लोक म्हणतात, अरे बाबा, तुला बसायला गाढव हवंय, प्यायला दारू हवीय, अंगावर घ्यायला लोकर हवीय की कापायला कोकरू हवंय? हे शब्द हेत, आयिन आणि आलेफ अशा वेगवेगळ्या घशातल्या अक्षरांनी सुरू होणारे, आणि याच्या तोंडी चारही सारखे. हा विनोद झाला. पण त्याच तालमूदमध्ये नियमही आहे. बेत शआन, हैफा आणि तिव्होन या गावच्या माणसांना सामूहिक प्रार्थनेला पुढे उभं करू नये, कारण ते आलेफचा आयिन करतात आणि आयिनचा आलेफ. म्हणजे उच्चारावरून माणसाला मागे बसवणं त्या काळीही होतं. हा नियम लक्षात ठेवा, शेवटी आपण त्याच्याकडे परत येऊ.

साधारण इसवी सन २०० च्या सुमारास हिब्रू घराघरांतली बोलभाषा म्हणून संपली. लोक अरमाईक बोलू लागले, ग्रीक बोलू लागले. हिब्रू राहिली वाचनात, प्रार्थनेत, अभ्यासात. आणि इथे लिपीची अडचण उभी राहते. हिब्रूची २२ अक्षरं ही सगळी व्यंजनं. स्वर बहुतेक लिहीतच नसत. बोलणाऱ्याला त्याची गरज नसते. आपल्याकडे बघा, 'चार' आणि 'चाक' यांतला 'च' एकच लिहितो, पण दोन्ही वेगळे वाचतो. कुठे ठिपका द्यावा लागत नाही, कारण आपण मराठी बोलत मोठे झालो. परक्या माणसाला मात्र ते सांगावं लागतं. हिब्रू बोलणं थांबल्यावर तिचे स्वतःचे वाचक असेच परके झाले आणि त्यांना खुणांची गरज पडली.

सातव्या ते दहाव्या शतकांत या खुणा तयार झाल्या, आणि त्या एका ठिकाणी नाही, तीन परंपरांमध्ये. एक बाबेलची म्हणजे आजच्या इराकची, एक पॅलेस्टाइनची, आणि एक गालीलच्या सरोवराकाठच्या तिबेरियास या गावची. (हो, तोच गालील, ज्याच्यावर लोक हसत होते!) तिन्ही ठिकाणच्या पंडितांनी आपापल्या कानांना जे ऐकू येत होतं तेच लिहिलं, आणि ते सारखं नव्हतं. तिबेरियासच्या लोकांना सात स्वर ऐकू येत. त्यांनी 'पतह' ही खूण 'अ-आ'साठी वापरली आणि 'कामात्स' ही 'ऑ'सारख्या, म्हणजे 'डॉक्टर'मधल्या स्वरासाठी. पॅलेस्टाइनच्या दुसऱ्या परंपरेत कामात्स आणि पतह असे दोन स्वर नव्हतेच, एकच 'आ'. बाबेलमध्ये कामात्स-पतह वेगळे होते, पण पतह आणि 'सेगोल' हा 'ए'सारखा स्वर एक झाले होते.

पुढे जे झालं त्यात सगळ्या गोंधळाचं मूळ आहे. तिबेरियासची खुणांची पद्धत सर्वांत बारीक होती. बेन आशेर घराण्याच्या पंडितांमुळे तिला मान मिळाला. ९३० च्या आसपास लिहिलेल्या अलेप्पोच्या पोथीतल्या खुणा त्याच घराण्याच्या हातच्या. हळूहळू सगळ्या ज्यू समाजांनी तिबेरियासच्या खुणा स्वीकारल्या. पण खुणा स्वीकारल्या, उच्चार नाही! स्पेनचा ज्यू कामात्स पाही आणि 'आ' म्हणे, कारण त्याच्या आजोबांनी 'आ' म्हटलं होतं. येमेनचा ज्यू तीच खूण पाही आणि 'ऑ' म्हणे. आणि खुद्द तिबेरियासचा उच्चार, ज्याच्यासाठी या खुणा बनल्या, तो पुढच्या काही शतकांत जगातून नाहीसा झाला. आज तो कुणाच्याच तोंडी नाही. कराईट पंथाच्या लोकांनी अरबी लिपीत उतरवून ठेवलेल्या बायबलाच्या पोथ्या आणि जुने वाचनशास्त्रावरचे ग्रंथ यांवरून केंब्रिजच्या जेफ्री खान यांनी तो पुन्हा जुळवला आणि २०२० साली दोन खंडांत मांडला. म्हणजे सगळ्या जगात छापला जातो तो एका गावचा उच्चार, आणि तो कुणीच करत नाही.

तर पहिलं कारण हे. घरून निघतानाच शिदोऱ्या वेगळ्या होत्या.

दुसरं कारण तोंडाचं. ते आपल्याला समजायला अगदी सोपं आहे. 'ज्ञान' हा शब्द घ्या. मराठी माणूस 'द्न्यान' म्हणतो, हिंदी माणूस 'ग्यान' म्हणतो, गुजराती 'ग्नान'. 'कृष्ण'चा आपण 'क्रुष्ण' करतो, उत्तरेकडे 'क्रिष्ण'. प्रत्येकाला वाटतं की संस्कृत आपणच बरोबर म्हणतो. कुणी मुद्दाम बिघडवलेलं नाही. रोजच्या भाषेत जे आवाज आहेत, त्यांच्याच जिवावर माणूस पवित्र भाषा वाचतो. हिब्रूचंही तसंच झालं.

'शब्बात'मधलं शेवटचं अक्षर 'ताव' घेऊ. हिब्रूतल्या सहा अक्षरांना दोन-दोन आवाज होते. आत ठिपका असला की कडक, नसला की सैल. ब आणि व, प आणि फ़, क आणि घशातला ख़, तसेच ग, द आणि त यांच्याही जोड्या. ठिपका नसलेला ताव म्हणजे इंग्रज लोक 'थँक यू' म्हणताना जीभ दातांत धरून काढतात तो आवाज. आपला 'थ' नव्हे. आता हा आवाज बगदादच्या ज्यूंच्या अरबीत होता, येमेनच्या अरबीत होता, म्हणून त्यांनी हिब्रूतही तो राखला. सीरिया आणि इजिप्तच्या शहरी अरबीत तो जाऊन 'त' झाला होता, तिथल्या ज्यूंच्या हिब्रूतही 'त' झाला. स्पेनहून १४९२ साली हाकललेले ज्यू सलोनिका, इस्तंबूलकडे गेले, त्यांचाही 'त'. जर्मन भूमीत हा आवाज नव्हता, तिथे त्याचा 'स' झाला. इटलीत शेवटी 'द' ऐकू येई, 'शब्बाद'. आता कामात्स त्यात घाला. स्पेनवाल्यांचं 'शब्बात', जर्मन-पोलिश ज्यूंचं 'शाब्बोस', येमेनचं 'शब्बोथ', त्यातला शेवटचा आवाज 'थँक यू'तला. शब्द एकच, प्रत्येक अक्षराचा हिशेब लागतो.

जर्मन-पोलिश म्हणजे अश्केनाझी ज्यूंच्या कामात्सबद्दल एक गुंता आहे, तो टाळून पुढे जाणं बरं नाही. तेराव्या शतकापर्यंतची जर्मनीतली हस्तलिखितं पाहिली तर लेखक कामात्स आणि पतह यांची सर्रास अदलाबदल करतात. म्हणजे त्यांच्या कानाला दोन्ही 'आ'च होते, स्पेनवाल्यांसारखे. मग पुढे 'ओ' कसा आला? काही अभ्यासक म्हणतात, बाबेलकडच्या विद्येचा प्रभाव आला. काही म्हणतात, बाहेरून कुणी यायची गरज नाही, तिथल्या जर्मन बोलींमध्ये आणि यिद्दीशमध्ये दीर्घ 'आ'चा 'ओ' होत होता, हिब्रूही त्याच वाटेनं गेली. आम्हाला दुसरं मत जास्त पटतं, कारण तो बदल तिथे थांबलाही नाही. पोलंडच्या बोलीत तोच 'ओ' पुढे 'ऊ' झाला. 'धन्य' या अर्थाचा प्रार्थनेतला पहिला शब्द स्पेनवाला 'बारूख़' म्हणतो, लिथुआनियावाला 'बोरुख़' आणि पोलंडवाला 'बुरिख़'. यिद्दीश जिथे जिथे वळली तिथे तिथे हिब्रू तिच्या मागून गेली आहे.

आता आपल्या ओळीकडे वळू. आयिनचं काय झालं? अरबी मुलखात ते सुखरूप राहिलं, कारण शेजारी दिवसभर तोच आवाज काढत होते. युरोपात बहुतेक ठिकाणी गेलं. पण अगदी निमूटपणे गेलं असं नाही. अ‍ॅमस्टरडॅममध्ये स्थायिक झालेल्या पोर्तुगीज ज्यूंनी, आणि इटलीतही, आयिनचा अनुनासिक 'ङ' केला. म्हणजे ते 'शेमा' न म्हणता 'शेमाङ' म्हणत. काहीतरी आवाज इथे आहे, तो सोडायचा नाही, पण घसा साथ देत नाही, मग नाकातून काढला. यिद्दीशमध्येही त्याचा एक तुकडा अडकून राहिलाय. 'याकोव' या नावात मधे आयिन आहे, आणि यिद्दीशमध्ये त्याचं होतं 'यांकेव', लाडानं 'यांकल'. तो 'न' म्हणजे मेलेल्या आयिनचं भूत.

हेतची गोष्ट थोडक्यात. युरोपात तो घशातल्या 'ख़'मध्ये मिसळला, म्हणून 'एख़ाद'. दालेतची गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. तालमूदमध्ये म्हटलंय की 'एहाद' हा शब्द लांबवून म्हणावा, आणि एक पंडित सांगतात की लांबवायचा तो दालेत. आता तुम्ही 'द' लांबवून बघा. जमत नाही! जीभ सुटली की आवाज संपला. हे शक्य होतं, कारण त्यांचा सैल दालेत इंग्रजीतल्या 'दिस', 'दॅट'च्या सुरुवातीसारखा होता, जीभ दातांत ठेवून हवा तितका वेळ ओढता येणारा. येमेनचे ज्यू आजही तो तसा ओढतात. बाकीच्यांना ती सूचना पाळायची कशी, हाच प्रश्न पडतो. मग कुणी 'आ' लांबवतो, कुणी शेवटी जोर देतो.

येमेनला सगळं जपलं गेलं, तेच मूळचे खरे, असं मग वाटायला लागतं. थांबा. साना शहराचे ज्यू कडक 'गिमेल'चा उच्चार 'ज' करतात आणि 'कोफ'चा उच्चार 'ग'. का? कारण तिथल्या अरबीत तसंच आहे. म्हणजे जपणाऱ्यांच्याही तोंडात शेजारी येऊन बसला होता. आणि राहता राहिला ओळीतला पहिला 'श'. लिथुआनियाच्या यिद्दीश बोलीत 'श' आणि 'स' एक झाले होते. तिथले जुने ज्यू 'शाब्बेस'ला 'साब्बेस' म्हणत आणि दक्षिणेकडचे यिद्दीशभाषक त्यांच्या बोलीला त्यावरून चिडवत. शिब्बोलेथनंतर दोन-अडीच हजार वर्षांनी, हजारो मैलांवर, पुन्हा तोच श-स. यार्देनशी त्याचा काही संबंध नाही, हा वेगळा बदल आहे. पण योगायोग मोठा आहे.

तिसरं कारण शाळा. उच्चार पुस्तकातून येत नाही, मास्तरांच्या तोंडून येतो. येमेनमध्ये पुस्तकं इतकी कमी होती की 'मोरी' म्हणजे गुरुजी मधे एक पुस्तक ठेवायचे आणि मुलं चारी बाजूंनी बसायची. काहीजण उलटं वाचायला शिकले आणि आयुष्यभर उलटं पुस्तकही सहज वाचू शकत. तिथे कानावर किती भिस्त असेल ते बघा.

आणि म्हणून कोकणाकडे येऊ, कारण मास्तर बदलला की काय होतं याचं उदाहरण आपल्या घरात आहे. बेने इस्राएल समाजाच्या आठवणीत दावीद रहाबी नावाचे बाहेरून आलेले गुरू आहेत. ते कोणत्या शतकातले यावर एकमत नाही. एकोणिसाव्या शतकात कोचीनचे ज्यू शिक्षक आले. त्याच काळात ख्रिस्ती मिशनरी हिब्रू शिकवू लागले. जॉन विल्सन यांनी १८३२ साली चक्क मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. १८४६ मध्ये मुंबईत हिब्रूसोबत मराठी असलेली हगादा निघाली. आणि ससून घराण्याबरोबर बगदादचे ज्यू मुंबई-पुण्यात येऊन त्यांची सिनेगॉग उभी राहिली. म्हणजे कोचीनचा कान, बगदादचा कान, मिशनरी व्याकरण, आणि बोलणारी जीभ अस्सल कुलाबा जिल्ह्याची.

ती जीभ जुन्या नावांत दिसते. १७९६ साली मुंबईतलं बेने इस्राएलांचं पहिलं सिनेगॉग बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर. सामाजी म्हणजे सॅम्युएल, हसाजी म्हणजे एझिकेल. एझिकेलच्या हिब्रू रूपात हेत आहे, 'यहेज़केल'. कोकणात त्या हेतचा साधा 'ह' झाला, पुढचं सगळं झिजलं, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या रायाजी-संभाजीसारखा 'जी' लागला. आणि मलिद्याच्या वेळी ज्यांचं स्मरण करतात ते 'एलियाहू हनाबी'. 'हनाबी', ब. ठिपका नसलेल्या 'बेत'चा 'व' व्हायला हवा असं आजचा इस्रायली म्हणेल, 'हनावी'. पण बगदादच्या वाचनात तो 'ब'च होता. कोकणी ज्यू आजी 'हनाबी' म्हणते तेव्हा ती चुकत नसते, तो एका मोठ्या परंपरेतला उच्चार आहे. इस्रायलमधल्या नातवानं तिला दुरुस्त करण्याआधी हे त्याला कुणीतरी सांगायला हवं.

आता आधुनिक इस्रायल. एलिएझर बेन-येहुदा १८८१ साली जेरुसलेमला आले, हिब्रू पुन्हा बोलती करायची या निश्चयानं. ते स्वतः लिथुआनियाकडचे, अश्केनाझी. पण उच्चार निवडला सेफार्दी, म्हणजे स्पेनच्या परंपरेचा. जेरुसलेमच्या बाजारात वेगवेगळ्या देशांचे ज्यू एकमेकांशी हिब्रू बोलत, ती याच उच्चारात. आणि दुसरं, 'शाब्बोस' म्हटलं की पूर्व युरोपातली गल्ली आठवायची, तिच्यापासूनच तर त्यांना दूर जायचं होतं. १९१३ साली भाषा समितीनं उच्चारावर रीतसर चर्चा केली आणि घशातली अक्षरं नीट उच्चारावीत असा आग्रह धरला. कागदावर.

प्रत्यक्षात झालं असं की युरोपातून आलेल्या माणसांनी सेफार्दी स्वर घेतले, 'त' घेतला, शेवटच्या अक्षरावरचा आघात घेतला, पण घसा आपलाच ठेवला. आयिन गेलं. हेत 'ख़' झाला. 'त्सादी' हे अक्षर, ज्याचा पूर्वेकडे जड 'स' होता, त्याचा आपल्या 'चाक'मधल्या 'च'सारखा उच्चार राहिला. झाबोतिन्स्की यांनी तर १९३० साली हिब्रू उच्चारावर एक पुस्तक लिहून अरबी वळणाच्या घशातल्या आवाजांना उघड विरोध केला. थोडक्यात, प्रत्येकाकडून जे सगळ्यांना जमेल तेवढंच उरलं.

याची किंमत कुणी दिली? एक तर कवींनी. बियालिक यांच्या बहुतेक कविता अश्केनाझी आघातावर रचलेल्या. तिथे शब्दाच्या शेवटून दुसऱ्या अक्षरावर जोर येतो. नव्या उच्चारात जोर शेवटी. ते १९२४ साली तेल अवीवला राहायला गेले तेव्हा हिब्रूचे राष्ट्रकवी म्हणून त्यांचा केवढा मान होता, आणि शाळेतली मुलं त्यांच्या कविता ज्या उच्चारात म्हणत त्यात त्यांचं वृत्त मोडत होतं. आपल्याकडे कुणी भुजंगप्रयात ठेका उलटा करून म्हणावा, तसं.

दुसरी किंमत दिली ती इराक, येमेन, मोरोक्कोहून आलेल्यांनी, आणि ती जास्त चटका लावणारी आहे. व्याकरणाची पुस्तकं म्हणत, आयिन आणि हेत उच्चारा. इस्रायलच्या आकाशवाणीवरचे निवेदक ते कटाक्षानं उच्चारत. म्हणजे नियमानं बगदादची आजी बरोबर होती. पण रस्त्यावर, वर्गात, नोकरीच्या ठिकाणी तोच उच्चार गावंढळ समजला जाई. निवेदकानं आयिन काढला तर शुद्ध हिब्रू, भाजीवाल्यानं काढला तर मागासलेला. मुलांनी काय करायचं ते केलं. एका पिढीत आयिन टाकून दिलं. दोन हजार वर्षं परमुलखात जपलेला आवाज मायदेशी येऊन गेला.

धार्मिक मंडळींमध्येही वाद झाला. देशात सगळे 'शब्बात' म्हणू लागल्यावर अश्केनाझी माणसानं प्रार्थनाही तशीच म्हणावी का? तिथले पहिले अश्केनाझी मुख्य रब्बी अब्राहम इसहाक कुक यांचं म्हणणं होतं की प्रार्थनेत वाडवडिलांचा उच्चार सोडू नये. त्यामुळे आजही असे लोक भेटतात जे दुकानात 'शब्बात शालोम' म्हणतात आणि तासाभरानं प्रार्थनेत त्याच शब्दाचा 'शाब्बोस' करतात. त्यांना त्यात काही विचित्र वाटत नाही.

शेवटचा एक प्रश्न आत्ता चिठ्ठीवर आलाय. मघाचा तो नियम, आयिनचा आलेफ करणाऱ्याला प्रार्थनेला उभं करू नये, त्याचं पुढे काय झालं? आज तर बहुतेक कुणालाच उभं राहता येणार नाही!

नियम रद्द झालेला नाही. मायमोनिडीसनं तो बाराव्या शतकात आपल्या ग्रंथात घेतला. सोळाव्या शतकात योसेफ कारो यांनी 'शुल्हान आरूख' या संहितेत घेतला. तो तिथे अजून आहे. पण नंतरच्या भाष्यकारांनी त्याला एक जोड दिली : जिथे सगळेच तसं बोलतात, तिथे तसा उच्चार करणारा माणूसही पुढे उभा राहू शकतो. ज्या गावात आयिन उरलेलं नाही, त्या गावात आयिन नसलेला हझान चालतो. ज्याला येतं त्यानं मात्र सोडू नये, असं सांगणारेही आहेत. गुंडाळीतलं ते अक्षर अजून मोठंच लिहितात.

पुढच्या वेळी आपण स्पेनहून निघालेल्या ज्यूंची लादिनो भाषा घेऊ. आज इथेच थांबतो.